कडोबाच्या नावानं

"...आणि चेंडू वर, वर, माडाच्याही वर, खाली अप्पा गावकर, अप्पा चेंडूखाली आलाय, झेल, झेल... अरे कडोबाच्या तंगडीत! सोडला!"

माईकवर.

दोन कर्णे होते. एक आंब्यावर बांधलेला, दुसरा देवळाच्या दीपमाळेवर.

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. पळणारे दोघं खेळपट्टीच्या मध्यावर उभे राहिले. अप्पाने पायाजवळचा चेंडू उचललाच नाही. कापणी झालेल्या मळ्यात सगळं गाव बसलं होतं आणि ऐकू फक्त जनरेटर येत होता.

"काय झालं?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तेही माईकवर. "खेळा की. काय झालं?"

मी बायकांत बसले होते. शेजारी गंगूआते होती. तिने माझ्या मांडीवरचा हात काढून घेतला.

*

थांबा. कडा आधी सांगायला हवा होता.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. गावाच्या मागे समुद्रात उतरत गेलेला कडा, कड्याच्या गावाकडच्या पायथ्याला कडोबाचं देऊळ. कड्यात अर्ध्या उंचीवर एक कपार पुढे आली आहे. तिला देवाचा पाट म्हणतात. जेवायला बसायचा पाट असतो तेवढीच ती, फार तर दोन पाट. पाठीला दगड, समोर हवा, खाली खडक आणि समुद्र. तिथे जाणारी वाट पावलाएवढी आहे आणि एका ठिकाणी कड्याची घडी ओलांडावी लागते. त्या घडीत माणूस खालून दिसत नाही.

कडोबाचं नाव कुणी विटाळलं, तर कौल लावायचा. काळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर माणूस सुटला. मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, अडवायचं नाही. डावी पडली तर सूर्य बुडताना त्याला पाटावर नेऊन बसवायचं. उजाडेपर्यंत. पुढचं देव बघतो.

मी परकर नेसत होते तेव्हा सगुण नावाच्या माणसाला बसवलं होतं. दारू पिऊन त्याने देवळाच्या पायरीवर देवाच्या नावाने शिव्या दिल्या होत्या. सकाळी पाटावर त्याची वहाण होती. एक.

पोलिसांनी लिहून नेलं, दारूच्या नशेत पाय घसरला.

कौल लावायचं काम गुरवाचं. गुरव म्हणजे माझे आबा.

*

सुहास मगदूम. कोल्हापूरचा, कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. देव नाही हे तो कधी भांडून सांगायचा नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं सांगायचा. आबांनी आमच्या लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. अक्षता टाकल्या होत्या.

लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलो तेव्हा त्याचं डोकं दाराच्या चौकटीला आपटलं. मी ओरडले, "कडोबा, कडोबा!" आमच्याकडे सगळेच म्हणतात, ठेच लागली तरी. त्याला ते आवडलं.

"भारी नाव आहे गं तुमच्या देवाचं," तो म्हणाला. "क, ड, ब. तोंड भरतं. बाकीच्या देवांची नावं फार मऊ."

त्या दिवसापासून त्याने ते उचललं. चहाने जीभ पोळली, कडोबा! एसटी चुकली, कडोबाच्या तंगडीत! पेनातली शाई संपली, कडोबा!

आबा ओटीवर असायचे. प्रत्येक वेळी ते उठायचे, परसात जायचे, दोणीतलं पाणी तोंडात घ्यायचे, खळखळ चूळ भरायचे आणि केळीच्या बुडात थुंकायचे. मग परत येऊन बसायचे. सुहासला वाटलं त्यांचा घसा दुखतो. पुढच्या खेपेला त्याने गुळण्या करायचं औषध आणलं. आबांनी बाटली घेतली, फळीवर ठेवली आणि म्हणाले, "बरा केलास."

मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "आबा, त्याला सांगू का मी?"

"काय सांगतलंस? तेका नाव ठावक असा. कोणाचा ता ठावक नाय."

"मग तुम्ही का चूळ भरता?"

"मी आयकलंय मा? कानात गेला काय तोंडात येता, बाये."

मी सुहासला काही सांगितलं नाही. कोल्हापुरात राहणार होतो. वर्षातून चार दिवस इथे. चार दिवस काय होतंय?

*

सामना तिथेच संपला. दिवेलागणीला आमच्या अंगणात माणसं येऊन बसली. आरडाओरडा नाही. एकेक जण येत होता, पायातल्या वहाणा काढत होता आणि बसत होता. आरडाओरडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

दाजी गावकर शेवटी आले. गावचे मानकरी. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वय झालेलं, बोलणं हळू.

सुहास उठून उभा राहिला. "दाजी, चुकलं माझं. तोंडातून गेलं. मी सगळ्यांची माफी मागतो."

"आमची कित्याक?" दाजी म्हणाले. "आमका शिवी खय दिलास?"

"मग कुणाची मागू?"

"जेका दिलास, तेची."

 मी त्याचा हात दाबला. माग, म्हण काहीतरी, हात जोड. त्याने हात जोडले, देवळाकडे तोंड केलं आणि म्हणाला, "माफ कर." वर्गात उशिरा आलेला विद्यार्थी म्हणतो तसं.

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" गंगूआते ओरडली. "बगलात? दारातल्या कुत्र्याक म्हणता तसा म्हणता! दाजी, ह्येका पाटार बसवा. सगुणाक बसवलास, मगे ह्येका कित्याक नाय? मास्तर म्हणान?"

"गंगू, गप." दाजी आबांकडे वळले. "बाबल, तुझो जावय."

"होय," आबा म्हणाले.

"उद्या फुला काढून ठेव."

"होय."

एवढंच. आबांनी सुहासकडे बघितलंही नाही. माणसं उठली. चौघं उठली नाहीत. दोघं गावाबाहेरच्या वाटेच्या तोंडाशी बसली, दोघं होडीजवळ. रविवार होता, पोस्ट बंद, गावातला एकुलता फोन पोस्टात. रात्रभर आम्ही दार लावून बसलो आणि सुहास मला हळू आवाजात विचारत होता, "हे काय करणार आहेत, कुंदा? नक्की काय करणार?" मी सगुणचं सांगितलं. वहाणेचं सांगितलं नाही.

त्याला उंचीची भीती वाटायची. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तर घाम फुटायचा. तेही माझ्या डोक्यात होतं आणि तेही मी बोलले नाही.

*

पहाटे आबा फुलं काढत होते. मी मागून गेले.

"आबा."

"हूं."

"लहानपणी तुम्ही मला दाखवलं होतं. पाणी जास्त लावलं तर पाकळी लवकर सुटत नाही. कोरड्या दगडावरची आधी पडते."

त्यांचे हात चालूच होते.

"डावी घट्ट लावा, आबा. उजवी नुसती टेकवा. कुणाला कळणार नाही."

"तेका कळात."

"तो दगड आहे!"

हे मी म्हटलं. मी. चार पिढ्यांच्या गुरवाची मुलगी. आबा थांबले. मला वाटलं आता ते चूळ भरायला जातील. गेले नाहीत.

"पाणी मी लायतंय," ते म्हणाले. "पाडता तो. तुझ्या घोवान शिवी दिल्यान, तेतूरसून सुटका होईत. मी फसवलंय तर खयसून होईत?"

"आणि डावी पडली तर?"

 टोपलीतलं एक फूल त्यांच्या हातातून खाली पडलं होतं, ते उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. 

*

"बा देवा कडोबा महाराजा..."

होय महाराजा.

(सुहासला अनवाणी उभं केलं होतं. त्याच्या पायांची नखं पांढरी दिसत होती.)

"आज तुझ्या दारात हो परमुलखातलो जावय उभो असा..."

होय महाराजा.

(दाजी एक ओळ म्हणतात, गाव होय म्हणतं. आमच्याकडे मूल बोलायला लागतं तेव्हा आईनंतर हे शिकतं. म्हणावं लागत नाही, तोंडातून येतं.)

"तेच्या तोंडातून तुझा नाव वंगाळ गेला..."

होय महाराजा.

(मी पण म्हणत होते. माझ्याच नवऱ्याच्या विरुद्ध. माझं तोंड म्हणत होतं.)

"तेका सोडूचो असलो तर उजवो दी, ठेवूचो नसलो तर डावो दी, पण काय ता दी रे महाराजा..."

होय महाराजा!

आबा गाभाऱ्यात गेले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि उजवा कोपर. कोपर एकदा हलला. मग पुन्हा एकदा, तेवढाच. ते बाजूला झाले. दोन्ही खांद्यांवर लाल पाकळ्या होत्या. अगदी सारख्या.

*

पाकळ्या पडल्या नाहीत.

उन्हं पायरीवर आली. गाऱ्हाणं पुन्हा घातलं. उन्हं पायरीवरून गेली. कौल लागेपर्यंत कुणी पाणी पीत नाही, कुणी उठत नाही. एका म्हाताऱ्याला भोवळ आली, त्याला तिथेच आडवं केलं. दाजींचा आवाज बसला. तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं तेव्हा ते अर्धं ऐकूच आलं नाही, तरी सगळ्यांनी होय म्हटलं.

सुहासला खांबाला टेकायची परवानगी नव्हती. मी त्याच्याजवळ सरकले.

"केशाकर्षण," तो पुटपुटला. ओठ कोरडे पडले होते. "दगड सच्छिद्र असेल तर पाणी टिकून राहतं. बाहेर दमट हवा. रात्रीपर्यंत सुद्धा नाही पडायच्या."

"बोलू नकोस."

"मी बोललो नाही तर ओरडेन, कुंदा."

माझं लक्ष मूर्तीवरून हटत नव्हतं. इतका वेळ बघितल्यावर पाकळ्या हलतायत असं वाटायला लागतं. डावी हलली. नाही हलली. उजवी हलली. मग खरंच डाव्या पाकळीचं टोक सुटलं. वाळून वर उचललं गेलं आणि तसंच राहिलं. सगळ्या सभामंडपाने श्वास आत घेतला, तो बाहेर सोडलाच नाही.

सूर्य माडांच्या शेंड्यांना लागला होता.

डाव्या पाकळीचं दुसरं टोक सुटायला लागलं.

आणि सुहास म्हणाला, "कडोबा..."

पुटपुटला. पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"परत!" गंगूआते किंचाळली. "देवाच्या म्होरे परत!" पाचसहा माणसं एकदम उठली. कुणीतरी सुहासची कॉलर धरली. मी मध्ये घुसले, मला कुणीतरी बाजूला फेकलं आणि माझं डोकं खांबावर आपटलं, आणि मी पण तेच नाव ओरडले, तेच, त्याच आवाजात, आणि माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

"कडोबाच्या तंगडीत!"

हे आबा होते.

ते गाभाऱ्यात होते, मूर्तीच्या समोर, आमच्याकडे पाठ. मी त्यांना आयुष्यात मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"मेल्या, दगडा! सकाळपासून बसलंस फुला धरून! पोरगो कापता, माझा चेडू रडता, हो गाव उपाशी मरता, आणि तू मजा बगतंस? तुका न्हाणवून न्हाणवून माझे हात कुजले! बायल मेली तेव्हा सुतकात पण तुझी पूजा चुकूक दिलंय नाय, परगावचो गुरव आणलंय! आज मी मागतंय तर तुझी वाचा बसली?"

सुहासची कॉलर धरणाऱ्याचा हात सैल पडला.

"तो शिवी देता ती तुका लागतली कशी रे? तो तुका वळखणाच नाय! वाऱ्याक शिवी दिल्यासारखी ती. मी वळखतंय तुका. माझी लागतली. घे! घे, लावन घे!"

आणि आबांनी शिव्या दिल्या. नाव घेऊन. त्या मी इथे लिहिणार नाही. माझ्या वडिलांच्या तोंडात त्या होत्या हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

उजवी पाकळी पडली.

डावी अर्धी सुटून लोंबत होती आणि उजवी, जिचं टोकही हललं नव्हतं, ती पडली. आबांच्या पायाच्या अंगठ्यावर.

*

"उजवो," दाजी म्हणाले.

कुणी "होय" म्हटलं नाही.

आबा बाहेर आले. अंगावरचं उपरणं काढलं, घडी घातली, त्यांचे धाकटे भाऊ झिलूकाका यांच्या हातात दिलं.

"बाबल," दाजी म्हणाले. "बाबल, तू खय चललंस?"

"माझो कौल लावूक नको. माका ठावक असा."

"अरे, तू गुरव. तुझी आणि तेची गजाल येगळी..."

"दाजी, सगुणाचो कौल मीच लायलो. तेणा निदान दारू पिली होती."

कुणी त्यांना अडवलं नाही. मी धावले. गंगूआतेने मला मागून मिठी मारून धरलं आणि माझ्या मानेवर तिचं रडू मला ओलं लागत होतं. "जाव दी गो, बाये. तेका जाव दी." आबा देवळाच्या मागे गेले. थोड्या वेळाने कड्यावर एक पांढरं धोतर दिसलं. सावकाश, दगडाला पाठ लावून सरकत होतं. घडीत शिरलं. दिसेना. पलीकडे निघालं. पाटावर बसलं.

वयाच्या मानाने ते नीट गेले. पण रात्रभर बसायचं होतं. थकलेलं, उपाशी म्हातारं माणूस. एक डुलकी लागली की झालं.

"ते तिथे किती वेळ बसणार?" सुहासने मला विचारलं.

"उजाडेपर्यंत."

"वारा सुटेल."

"हो."

तो कड्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. मग तो निघाला. मी त्याचा शर्ट धरला. "सुहास, तुला जमणार नाही. तू पडशील. मी तुम्हा दोघांनाही..."

"सोड."

"तुला स्टुलावर उभं राहवत नाही!"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "सोड, कुंदा, नाहीतर माझा धीर जाईल."

दोन तरुण त्याच्या आडवे आले. दाजींनी मान हलवली. उजवा कौल मिळालेल्याला अडवायचं नसतं. ते बाजूला झाले.

*

सगळं गाव पायथ्याशी उभं होतं, माना वर.

तो वाटेवर दिसला तेव्हा त्याने चूक केली होती, हे आम्हा सगळ्यांना कळलं. दगडाकडे पाठ करायची असते. तो दगडाकडे तोंड करून, पोट घासत चालला होता. त्यामुळे पाय कुठे पडतोय ते त्याला दिसत नव्हतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला ते सांगावं लागतं हेच माहीत नव्हतं.

त्याचा पाय सुटला. दगड खाली आले.

"कडोबा!"

कड्यावरून तो आवाज सगळ्या खाडीवर पसरला.

"होय महाराजा," गंगूआते म्हणाली.

तिच्या तोंडातून गेलं. नाव उंच आवाजात आलं आणि तिच्या तोंडाने उत्तर दिलं, सवयीने. तिने तोंडावर हात दाबला. सगळे तिच्याकडे वळले.

वर सुहास थांबला होता. तो एक पाऊल सरकला. पुन्हा पाय चाचपडला.

"कडोबा, च्यायला!"

होय महाराजा. या वेळी तीनचार जण होते. कोण ते कळलं नाही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

एक पाऊल.

"कडोबाच्या तंगडीत, कडोबा!"

होय महाराजा. दाजींचा बसलेला आवाज मी त्यात ओळखला.

एक पाऊल.

"कडोबा!"

होय महाराजा!

"कडोबा!"

होय महाराजा!

मग तो घडीशी पोचला आणि दिसेनासा झाला.

खाली समुद्र वाजत होता. वारा सुटला होता आणि तो आमच्याकडून समुद्राकडे जात होता की समुद्राकडून आमच्याकडे येत होता ते मला सांगता येणार नाही. घडीतून काही ऐकू आलं नाही. आम्ही थांबलो. काही ऐकू आलं नाही. कुणीतरी नाव आलेलं नसतानाच म्हटलं, होय महाराजा. मग सगळ्यांनीच म्हटलं, जोरात, वर तोंड करून. मग पुन्हा शांतता, आणि मी खडकांकडे बघायला लागले. पाण्यात एखादा पांढरा शर्ट दिसतो का ते बघत होते मी. अंधारून आलं होतं आणि प्रत्येक लाट पांढरी होती.

तेव्हा वरून एक आवाज आला. एकटा, म्हातारा, शांत.

"होय महाराजा."

थोड्या वेळाने पुन्हा.

"होय महाराजा. डावो पाय. हां."

आणि मग घडीच्या पलीकडच्या बाजूने एक हात बाहेर आला, दगडावर काहीतरी शोधत. पाटावरचं पांढरं धोतर वाकलं आणि त्याने तो हात मनगटाशी पकडला.

*

उजाडल्यावर दोघं खाली आले. आबा पुढे. सुहासच्या दोन्ही हातांच्या नखांतून रक्त आलं होतं. दाजी पुढे झाले. त्यांनी दोघांना पाणी दिलं.

आबा पुन्हा गाभाऱ्यात गेले नाहीत. त्यांना कुणी बंदी केली नव्हती. झिलूकाका पूजा करायचे आणि आबा सभामंडपात खांबाला टेकून बसायचे, असे बरीच वर्षं बसले, आणि तिथेच बसल्या बसल्या गेले.

सुहास देवळात कधी गेला नाही. देव नाही हे तो अजूनही बाहेर ऊन आहे म्हणावं तसंच सांगतो.

त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. एकदाच मी विचारलं. तो कॉलेजातून निवृत्त झाला होता, आम्ही गॅलरीत बसलो होतो, तो भुईमुगाच्या शेंगा सोलत होता.

"वर तू नाव घेत होतास. शिवी देत होतास की हाक मारत होतास?"

त्याने शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले.

"पहिल्यांदा शिवीच होती," तो म्हणाला. "पाय सुटला होता."

"आणि मग?"

"मग खालून तुमचा आवाज आला. तो आला की माझा पाय पुढे जायचा. नाही आला की जायचाच नाही." तो पुढची शेंग फोडेना. नुसती धरून बसला. "मग मी तो आवाज यावा म्हणून ओरडत होतो."